टोपली कुणाच्या डोक्यावर होती

दादांच्या, म्हणजे माझ्या वडिलांच्या, पहिल्या स्मृतिदिनाला वाटायची पुस्तिका मी लिहायची, हे घरात कुणी ठरवलं नाही. सगळ्यांनी ते गृहीतच धरलं होतं. घरात इतिहासाची शिक्षिका मी एकटी. ऐकीव गोष्टीवर विसंबू नका, आधी साधन कोणतं ते विचारा, असं सव्वीस वर्षं पोरांना सांगत आलेली.

माझ्या या खोडीचा सगळ्यात जास्त जाच कुणाला झाला असेल, तर आमच्या शाळेत विज्ञान शिकवणाऱ्या मॅडमना. त्या जालन्याकडच्या, चार पिढ्यांच्या ख्रिस्ती. आम्ही बौद्ध. स्टाफरूममध्ये आमचे डबे एकत्र उघडायचे आणि डबा उघडला की मी त्यांना छेडायचे.

"एका येशूची चार चरित्रं, आणि चारींत चार तऱ्हा. असे साक्षीदार कोर्टानं हाकलून दिले असते."

त्या शांतपणे भाकरी मोडायच्या. "आधी वाचा मॅडम, मग भांडा."

एका उन्हाळी सुट्टीत मी खरंच वाचलं. भक्तीनं नव्हे, चुका काढायला. ड्रॉइंगच्या मोठ्या कागदावर चार रकाने आखले, चार शुभवर्तमानांचे. येशूला मारलं, पुरलं, आणि तिसऱ्या दिवशी पहाटे त्याची कबर रिकामी सापडली, या गोष्टीवर तो सगळा धर्म उभा. म्हणून मी तीच पहाट निवडली. कबरीकडे कोण गेलं? एका ठिकाणी तिघी, एका ठिकाणी दोघी, एका ठिकाणी आणखी कितीतरी, आणि एका ठिकाणी एकटीच. तिथं कोण दिसलं? कुठं एक तरुण, कुठं एक देवदूत, कुठं दोघं. खाली टिपा लिहिल्या: सगळ्यात जुनं चरित्रसुद्धा घटनेनंतर चाळीसएक वर्षांनी लिहिलेलं, असं बहुतेक अभ्यासक मानतात. तेही ग्रीक भाषेत, जी येशूची घरातली बोली नव्हे. लिहिणाऱ्यांनी आपली नावं आत कुठं घातलेली नाहीत. शाळा उघडल्यावर तो कागद मी मोठ्या तोऱ्यात त्यांच्या टेबलावर पसरला.

त्यांनी बराच वेळ पाहिला. "छान केलंय. पण एक रकाना राहिला."

"कोणता?"

"चारींत सारखं काय आहे, तो." त्यांनी वह्या तपासायचा लाल पेन काढला आणि कडेला एकच शब्द लिहिला: बायका. "पट्टशिष्य कुठं होते? लपलेले. त्यातल्या मुख्यानं तर त्याला ओळखायलाच नकार दिलेला. आणि बायकांचा शब्द त्या काळी कोण मोजत होतं? मला खोटी गोष्ट रचायची असती ना, तर मी चार वजनदार पुरुष पाठवले असते."

मी तेवढ्यानं गप्प बसणारी नव्हे. पण मी तोंड उघडायच्या आत त्याच म्हणाल्या, की चारींच्याही आधीचं, सुरुवातीच्या एका धर्मप्रचारकाचं पत्र आहे. त्यात येशू कुणाकुणाला पुन्हा दिसला याची यादी आहे, आणि त्या यादीत एकाही बाईचं नाव नाही.

"मग हे तुमच्याच विरुद्ध गेलं की."

"गेलं ना. ते पत्रही त्याच ग्रंथात आहे. कुणी काढलं नाही."

पुढं त्यांनी सांगितलं की जुन्या काळात एका गृहस्थानं चारींचा मिळून एकच सलग वृत्तांत केला होता. काही भागांतल्या ख्रिस्ती मंडळ्या पिढ्यान्‌पिढ्या तोच वाचत होत्या. वाचायला सोपा, कुठं विसंगती नाही. तरी शेवटी टिकले ते चार, भांडणासकट.

मी थक्क झाले. देव मी तेव्हाही मानत नव्हते, आजही मानत नाही. कबरीतून कुणी उठला हे मला पटत नाही. पण आपल्या गुरूच्या माणसांची पळपुटेगिरी, आपल्याच साक्षींमधला गोंधळ, हे सगळं तसंच ठेवून, हातानं नकलून पुढं देणारी माणसं मला दिसली. मी डबा न संपवताच तासावर गेले.

तर पुस्तिका. दादांच्या आयुष्यातली त्यांची सगळ्यात लाडकी गोष्ट म्हणजे आमच्या वस्तीनं बौद्ध धम्माची दीक्षा घेतली तो दिवस. पाचोडजवळचं आमचं गाव, दादा तेव्हा बारा वर्षांचे. घरातले जुने देव, चांदीचे आणि पितळेचे टाक, टोपलीत भरून बाहेर नेऊन पाण्यात सोडायचे होते. आज हे सांगायला सोपं आहे. त्या दिवशी देव कोपेल ही भीती होती आणि गाव कोपेल ही त्याहून मोठी. दादांच्या वहीत स्पष्ट होतं: माझे वडील टोपली डोक्यावर घेऊन नदीवर गेले. देवगाव रंगारीला राहणारे, त्या दिवसानंतर जन्मलेले माझे चुलते म्हणाले, नदी नाही, विहीर. गावातले एक म्हातारे म्हणाले, एकटे कसले, सगळे पुरुष मिळून घोषणा देत गेलो.

मी तिन्ही हकिकती घेतल्या आणि मिसळल्या. आजोबा टोपली डोक्यावर घेऊन पुढं, मागं घोषणा देणारे पुरुष, वाटेत विहीर, मग नदी. सलग, सुंदर. लोका सांगे ब्रह्मज्ञान म्हणतात ते हेच.

छापायच्या आधी दादांच्या धाकट्या बहिणीला, माझ्या आत्याला, वाचून दाखवायला पाचोडला गेले. आत्या सत्त्याहत्तरची, अक्षरओळख नाही, पण डोकं लख्ख. त्या दिवशी हजर असलेलं आमच्या घरातलं तेवढं एकच माणूस उरलंय. तिनं शेवटपर्यंत ऐकलं.

"आसं नाय झालं," ती म्हणाली.

"मग कसं झालं, आत्या?"

"आबाला ताप आला व्हता. ताप म्हंजे, गोधडीत तोंड घालून पडला व्हता. मायनं टोपली उचलली. मी आठ वर्साची, तिच्या लुगड्याचा काठ धरून गेले. विहिरीवर. दोघीच."

"आणि दादा?"

"दादा मामाच्या गावाला. त्यो कुठं व्हता तिथं."

तिनं सगळं सांगितलं, मी वहीत शब्द न् शब्द उतरवून घेतला. उठताना तिनं माझं मनगट धरलं. "लिहिशील ना? मी गेल्यावर मायचं कोन सांगंल?"

हो म्हणून मी घरी आले, आणि लिहिलं नाही. कारणं भरपूर होती, आणि सगळी शास्त्रशुद्ध. साक्षीदार एकच, वय आठ, दुसरा आधार नाही. खरं कारण निराळं होतं: आजोबा गोधडीत तोंड घालून पडले होते, हे दादांच्या स्मृतिदिनाला दीडशे माणसांच्या हातात द्यायची मला लाज वाटली.

चार दिवसांनी डबा खाताना हे मी मॅडमना सांगून टाकलं. वाटलं, त्या सूड उगवतील. वीस वर्षांची उधारी होती. पण त्यांनी फक्त विचारलं, "वहीत लिहिणारे दादा तिथं नव्हते?"

"नव्हते."

"आणि आत्या होत्या?"

"होत्या."

त्या डब्याचं झाकण लावू लागल्या. आणि माझ्या अंगावर सरसरून काटा आला. एकही बाई नसलेली ती यादी मी स्वतःच करून बसले होते. दोन हजार वर्षांपूर्वीच्या माणसांकडे मी पुरावे मागत होते. माझ्या घरातला पुरावा माझं मनगट धरून बसला होता, आणि मी तो खोडला होता.

त्या संध्याकाळी सलग मजकूर फाडला. चार पानं केली, चार माणसांच्या चार हकिकती, प्रत्येकीच्या वर कोण सांगतंय आणि तेव्हा ते कुठं होतं. शहागंजातल्या प्रेसवाल्यानं कागद उलटेपालटे करून पाहिले. "मॅडम, किस्सा एकच है. चार-चार बार कायकू छापना?"

"तसंच छापा," मी म्हटलं.

स्मृतिदिनाच्या सकाळी मंडपात खुर्च्या मांडणं चाललं होतं. भंतेजी यायचे होते. मी आत्याला सतरंजीवर बसवलं आणि चारही पानं वाचून दाखवली. आजोबांचा ताप आला तिथं मी भरभर वाचलं. तिनं डोळे मिटून घेतलेले होते.

"दादाचंबी राहू दे," ती म्हणाली. "बापानं न्यावं आसं लई वाटायचं त्याला." मग डोळे उघडून, "पर मायचं तू अर्धंच लिव्हलं."

"काय राहिलं?"

"तू लिव्हलं, निर्भयपणे गेली. माय भ्याली व्हती. दात वाजत व्हते तिचे. तीनदा टोपली खाली ठिवली, तीनदा उचलली. सांगितलं व्हतं तुला."

सांगितलं होतं. माझ्या वहीत होतं. मीच गाळलं होतं, न कळत. आजी शूर दिसावी म्हणून.

सगळ्यात जुन्या शुभवर्तमानाच्या जुन्यातल्या जुन्या प्रती कुठं थांबतात, हे मला तेव्हा आठवलं. बायका कबरीपासून पळत सुटतात आणि कुणाला काही सांगत नाहीत, कारण त्या भ्यालेल्या असतात. तिथंच मजकूर संपतो. पुढचा नीटनेटका शेवट नंतर कुणीतरी जोडला, असं अभ्यासक सांगतात. माझ्या तक्त्यात मी त्यापुढं 'अपूर्ण' असा शेरा मारला होता. पहिल्यांदा लिहिणाऱ्यानं ती भीती ठेवली कशी, एवढा धीर त्याला आला कुठून, या विचारानं मी त्या सतरंजीवर क्षणभर सुन्न झाले.

वाटप थांबवलं. दीडशे प्रतींचा गठ्ठा पुढ्यात घेतला. प्रत्येक प्रतीत 'निर्भयपणे' हा शब्द पेनानं खोडला आणि वर लिहिलं: भीत भीत. पाहुणे येऊन बसू लागले, भाऊ दोनदा घाई करून गेला. आत्या शेजारी बसून एकेक प्रत माझ्याकडून घेत होती, शाई वाळेपर्यंत उघडी धरत होती आणि मगच मिटून बाजूला ठेवत होती. तिला वाचता येत नाही; पण त्या पानावर आता आई आहे, हे तिला माहीत होतं.