तोंडातला खडा

ही गोष्ट मी आजवर कुणाला सांगितलेली नाही. बायकोलासुद्धा नाही. तो धोंडा मला दिसला होता.

आधी खड्याचं सांगतो. खडा नसता तर धोंड्याचं काही सांगायला उरलंच नसतं.

नेरळहून माथेरानला तेव्हा गाडी चढत नव्हती. मुंबईची बडी माणसं स्टेशनात उतरायची आणि आमच्या खांद्यावर बसून वर जायची. एका डोलीला चौघे. दोघे पुढं, दोघे मागं. डोलीला छत आणि बाजूला पडदे, त्यामुळं मागच्याला वाट दिसतच नाही. तो पुढच्याच्या तोंडावर भरवसा ठेवून पाऊल टाकतो. म्हणून पुढचा हाळी देतो. धोंडा उजवा. पायरी हाय. माती सुटलीय. मागचा “हां” म्हणतो, म्हणजे त्यानं ऐकलं. सगळा घाट असा बोलत बोलत चढायचा. आमच्या आधीचेही असेच चढले.

वरच्या एका बंगल्याचा कारभारी आमच्यावर होता. बंगला शेटचा, पण कामावर घेणारा आणि हाकलणारा हाच. शेटाणीनं एकदा कुरकुर केली की या लोकांच्या ओरडण्यानं डोकं उठतं. झालं. दुसऱ्या सकाळी स्टेशनाबाहेर, उतरलेल्या पाहुण्यांच्या देखत, त्यानं आम्हाला ओळीनं उभं केलं. त्याच्या गड्याच्या हातात ताटली, ताटलीत उल्हास नदीतले गुळगुळीत खडे.

“आ करा,” कारभारी म्हणाला.

आम्हाला थट्टा वाटली. थट्टा नव्हती. गडी एकेकाच्या तोंडात खडा ठेवत गेला, देवळात तीर्थ देतात तसा. कारभाऱ्यानं स्वतः हात लावला नाही, आमची थुंकी लागली असती. खडा वर पोचल्यावर त्याच्यासमोर थुंकायचा. वाटेत ज्याचा पडेल त्याची मजुरी गेली.

“मळणीच्या बैलाला मुसकं घालतात ना? तुम्हाला एवढा पुरे.”

पाहुणे हसले. आम्ही डोल्या उचलल्या.

तोंडात खडा धरून तो चढ कधी चढून बघा. दम तोंडानं घेता येत नाही. लाळ हनुवटीवरून गळते आणि ती पुसायला हात मोकळा नसतो. ज्याला वाहून नेतोय तो पडदा सारून तुमच्याकडं बघतो आणि पडदा परत ओढतो. आम्ही दांडीवर बोटं वाजवून खुणा करायला लागलो. कारभाऱ्याला तीही टकटक खपली नाही.

माझ्या मागं भावजी असायचा. माझ्या थोरल्या बहिणीचा, बायचा, नवरा. भिसेगावचा. खांद्याला डोली लावायला मला त्यानंच शिकवलं. ताडीचा थेंब कधी त्याच्या ओठाला लागला नाही. वर पोचून खडा थुंकला की म्हणायचा, “बायला सांग रं, आता घरी पन खडा धरूनच येतो. भांडान मिटंल.” आम्ही हसायचो. आता वाटतं, तेव्हा हसलो नसतो तर कदाचित चिडलो असतो.

त्या दिवशी डोलीत शेटाणीच होती. कारभारी घोड्यावर आमच्या पुढं, सारखा मान वळवून बघत होता. एका वळणावर पाचोळ्याखाली तांबडा धोंडा सुटा पडलेला. माझं पाऊल त्याला घासलं आणि तो हलला. मी पाय लांब टाकला, ओलांडून गेलो. तोंडातल्या तोंडात जीभ वळली होती. खडा थुंकून दोन शब्द. एवढंच करायचं होतं. कारभाऱ्याचा डोळा माझ्यावर होता. मी खडा गालात दाबून धरला.

मागून भावजीचा पाय त्याच धोंड्यावर पडला. डोली दरीकडं कलली. सोडून दिली असती तर त्याचा पाय वाचला असता. त्यानं सोडली नाही. गुडघा खाली घातला आणि दांडी, डोली, शेटाणी, सगळा भार त्या एका पायावर घेतला. हाड मोडल्याचा आवाज मी ऐकला. तोंडात खडा होता म्हणून तो नीट ओरडलाही नाही.

कारभारी उतरला तो पडद्यापाशी गेला. बाईसाहेबांना हिसका तर बसला नाही ना, हे आधी. मग भावजीकडं बघून म्हणाला, “दारू पिऊन खांदा देतोस?” आणि माझ्याकडं वळला.

“प्यायला होता ना रे हा?”

मी मान हलवली. हो म्हणून.

खडा होता तोंडात, बोलता येत नव्हतं, असं मी माझ्या मनाला पुढं कितीदा सांगितलं. पण मान नाही म्हणूनही हलते.

भावजीला झोळीत घालून खाली नेलं. पाय वाकडाच राहिला. पुन्हा कामाला बोलावणं आलं नाही. मी भेटायला गेलो की तो माझी समजूत घालायचा. “तुला दिसला नसंल रं. पाचोळा किती होता.” त्यानं माझी मान बघितली नव्हती, मधे डोली होती. दोन उन्हाळ्यांनी तो गेला. कारभाऱ्याचं बोलणं मात्र गावात पोचलं आणि टिकलं. बाय अजून म्हणते, दारूनं घात केला.

तो गेल्यावरच्या हंगामात पहिल्या सकाळी गडी ताटली घेऊन माझ्यापुढं आला. माझं तोंड उघडेना. मी खडा हातात घेतला, चालत गेलो आणि कारभाऱ्याच्या जोड्यावर ठेवला.

“हा तुमी धरा. आमी हाळी देनार.”

“उद्यापासून डोंगर चढायचा नाही तू.”

“डोंगर तुमी बांधला नाय.”

माझ्या मागं ताटलीत खडे पडल्याचा आवाज आला. एक, मग दुसरा, मग सगळे. पाहुणे उन्हात खोळंबले होते. कारभाऱ्यानं तोंड फिरवलं. आम्ही डोल्या उचलल्या आणि त्या भावजीच्या वळणावर मी इतक्या मोठ्यानं हाळी दिली की घोडी बिथरली. मागचा “हां” म्हणाला. तो आवाज भावजीचा नव्हता.

मला दुसऱ्या दिवशी काढलं. स्टेशनावर हमाली करत राहिलो, तिथंच अक्षरं शिकलो. खडे परत कुणाच्या तोंडात गेले नाहीत. याचा मला अभिमान नाही. हे आधी करता आलं असतं. कारभाऱ्याला माफी नाही. त्यानं माझं तोंड बंद केलं, पण मान माझी होती.

आता भिसेगावला जायचं. बायच्या कानात नाही सांगणार, कानात सांगितलेलं घरातच राहतं. जिथं तिला दारुड्याची बायको म्हणतात, त्या विहिरीवर, सगळ्यांपुढं, हाळी देतात तसं मोठ्यानं. भावजी प्यायला नव्हता. धोंडा मी बघितला होता. मान मी हलवली.

तेवढं माझ्याकडं देणं आहे. अजून दिलेलं नाही.