वहिनींचा डिंक

आमच्या वहिनी मोजकं बोलतात आणि मी गप्प बसत नाही, त्यामुळे घरात आवाज बेताचा राहतो, असं दादाचं म्हणणं. दादा म्हणजे माझा थोरला भाऊ. आम्ही दोघंही प्लंबर. गळका पाइप दाखवा, आम्ही हजर. पण लोक आम्हाला ओळखतात ते वहिनींच्या डिंकामुळे, आणि ते मला अजूनही थोडं झोंबतं. खोटं कशाला बोलू?

डिंक आला तो दादाच्या छातीपायी. पाइप जोडायचं ते डब्यातलं उग्र सोल्यूशन वीस वर्षं नाकातोंडात गेलं, आणि शेवटी दादाला दोन जिने चढले की खाली बसावं लागायचं. डॉक्टर म्हणाले, यापुढे असला वास घ्यायचा नाही. दादा म्हणाला, मग पाइप काय थुंकी लावून जोडू?

वहिनी तेव्हा भंगाराच्या गोदामात प्लास्टिक निवडायला जायच्या. बाटल्या वेगळ्या, पिशव्या वेगळ्या, डबे वेगळे. थर्माकोलला मात्र कुणी विचारत नसे. वजन काही नाही आणि जागा मात्र हत्तीएवढी. एकदा जेवणाच्या सुट्टीत त्यांनी संत्रं सोललं आणि तोच हात थर्माकोलच्या तुकड्यावर टेकला. बोट आत गेलं. तुकडा विरघळून बोटाला चिकटला. दुसरी कुणी असती तर कपाळाला आठ्या घालून हात धुऊन आली असती. वहिनी सुट्टी संपेपर्यंत बोटं चिकटवत आणि सोडवत बसल्या.

पुढचे आठ महिने आमच्या स्वयंपाकघराची काय दशा झाली ते विचारू नका. रसाच्या दुकानातून सालींची पोती यायची. जुना कुकर, त्याच्या शिट्टीच्या जागी तांब्याची नळी, आणि त्यातून थेंबथेंब पडणारं सालीचं तेल. त्या तेलात पोतंभर थर्माकोल अर्ध्या डब्यात मावायचा. त्यात पाइप कापताना पडणारा प्लास्टिकचा बारीक भुसा कालवायचा. पहिला डिंक ओघळला, दुसऱ्याला वाळल्यावर चिरा गेल्या. पाचव्या-सहाव्या वेळी मी म्हटलं, "वहिनी, हे पाइपाला लावायचं की पानात वाढायचं?"

"आधी लावा, भाऊजी," त्या म्हणाल्या. "उरलं तर वाढते."

लावला. जाळीदार पट्टी भिजवून गळक्या जोडावर बाहेरून चार थर गुंडाळले. पाणी सोडलं. टिपूस नाही. आणि दादा शेजारी उभा राहून साधा खोकलासुद्धा नाही. त्या दिवशी मी वहिनींना मनातल्या मनात हात जोडले. तोंडानं कशाला सांगू, उगीच शेफारायच्या.

पण या डिंकाची एक खोड आहे. वरून वाळतो आणि आतून ओला राहतो. वर कडक साल धरते, बोटानं दाबलं तर दगड, आणि आत मात्र तेल अडकलेलं. उन्हाळ्यात दोन दिवसांत सुकेल, दमट भिंतीत पाच दिवस घेईल. घाईनं पाणी सोडलं तर जोर बसून आतला मऊ डिंक सरकतो. म्हणून कडेला नखाएवढी खाच पाडायची आणि वास घ्यायचा. आतून संत्र्याचा वास येतोय तोवर कॉकला हात लावायचा नाही. माझ्या नाकाची तंबाखूनं कधीच वाट लावलेली. दादाला वासापासून लांब ठेवायचं. राहिल्या वहिनी. अकरा वर्षं मी पट्टी गुंडाळली, वहिनींनी वास घेतला, "झालं" म्हणाल्या की मी पाणी सोडलं. एकदाही जोड गळला नाही.

यंदा हिवाळ्यात घरातले सगळे तापानं झोपलो. मी उठलो, दादा उठला, वहिनीही उठून कामाला लागल्या. वाटलं, सुटलो.

मग वृद्धाश्रमाचं काम आलं. तिथली व्यवस्था एक बाई पाहतात, शिस्तीच्या आणि खमक्या. त्यांच्या आजारी माणसांच्या खोलीत, भिंतीतल्या एका कोनाड्यात, गच्चीच्या टाकीवरून येणाऱ्या लोखंडी पाइपाचा एल्बो, म्हणजे वळणावरचा जोड, तडकला होता. पाइप इतका जुना, की पाना लावला तर अख्खाच हातात यायचा. भिंत फोडायची तर खाटेला खिळलेल्या दोन माणसांना हलवावं लागणार. एक आजी, त्यांना नाकात नळी लावून प्राणवायूचं मशीन. दुसरे मास्तर. शाळेतून निवृत्त झालेले, पाय गेलेले, जीभ मात्र शाबूत. कोनाड्याच्या बरोबर खाली विजेचा बोर्ड, आणि आजींचं मशीन त्याच बोर्डावर. बाई म्हणाल्या, "इथे उग्र वासाचं काही चालायचं नाही. तुमच्या वहिनींचा डिंक हवा."

सोमवारी सकाळी पाणी बंद केलं. चार थर दिले. बुधवारी दुपारी वहिनी स्टुलावर चढल्या, खाच पाडली, नाक लावलं. जरा जास्तच वेळ लावलं, हे मला आता आठवतं. मग म्हणाल्या, "झालं. सोडा." मी सोडलं. जोड कोरडा राहिला. बाईंनी चहा पाजला.

गुरुवारी सकाळी मी दाढी करत होतो, तर बाहेरच्या खोलीतून दादा खोकत ओरडला, "अगं, दूध लागलंय!" घरभर जळका वास भरला होता, माझ्या नाकालाही कळेल इतका. मी स्वयंपाकघरात गेलो. वहिनी शेगडीपासून हातभर अंतरावर पाठमोऱ्या उभ्या राहून पट्ट्यांच्या घड्या घालत होत्या. पातेल्यातून धूर निघत होता.

"वहिनी, नाक गहाण टाकलंत की काय?" मी गमतीनं म्हटलं.

त्या वळल्या. पातेल्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि त्यांचा चेहरा उतरला. गॅस बंद करून हळूच म्हणाल्या, "यांना सांगू नका."

"काय सांगू नको?"

"तापात गेला वास. सव्वा महिना झाला. रोज वाटतं, उद्या येईल."

माझ्या अर्ध्या गालाला साबण तसाच होता. "मग काल?"

"काल दाबून पाहिलं. कडक लागलं. वाटलं, दोन दिवस पुरले असतील."

मी आयुष्यात वहिनींवर आवाज चढवला नव्हता. त्या दिवशी चढवला. म्हटलं, अकरा वर्षं मला सांगत आलात की बोटावर विश्वास ठेवायचा नाही, आणि स्वतः बोटानं पाहून पाणी सोडायला लावलंत? खाली मशीन आहे, वहिनी. वहिनींनी पट्ट्या खाली ठेवल्या. खाली मान घालून ऐकत राहिल्या, आणि मला स्वतःचीच लाज वाटली.

प्रत्येक कामाच्या वेळी त्याच डब्यातला डिंक पाइपाच्या एका तुकड्याला लावून घरी ठेवायची आमची रीत आहे. तो तुकडा खिडकीत होता, वाऱ्यावर. मी सुरी घेतली आणि थर उभा कापला. वरची साल कटकन तुटली आणि आतून सुरीबरोबर चिकट दोरा निघाला. खिडकीतल्या वाऱ्यावर ही गत. आश्रमाचा कोनाडा तर दमट.

फोन लावत लावतच निघालो. बाईंचा फोन लागेना. स्कूटरवर वहिनी मागे बसल्या होत्या आणि त्यांनी माझा शर्ट मुठीत असा धरला होता की गळ्याला फास बसत होता. माझ्या डोळ्यांसमोर तो बोर्ड. जोड सुटला तर पाण्याची धार सरळ त्याच्यावर. प्रत्येक सिग्नलला मी देवाला एकच सांगत होतो, आणखी दहा मिनिटं धरून ठेव.

मशीन चालू होतं. तो घुरघुर आवाज आश्रमाच्या दारातून ऐकला आणि मी आत शिरलो. बाई आजींना भरवत होत्या. "आत्ता कसे आलात?" त्यांनी विचारलं.

"सहज. एकदा नजर टाकून जातो," मी म्हणालो.

तेवढ्यात मास्तर खाटेवरून म्हणाले, "या. तुम्हीच सांगा यांना. कालपासून ओरडतोय, संत्र्याचा वास येतोय. तर यांनी मला संत्रं सोलून दिलं."

"एकच धोशा लावलाय त्यांनी," बाई हसून म्हणाल्या. "म्हटलं, खायची इच्छा असेल."

वहिनी स्टुलावर चढल्या. जोडाच्या खालच्या कडेला एक ओली, चकचकीत रेघ होती. थेंब नव्हता, नुसती रेघ. त्यांनी बोट टेकवलं आणि सोमवारी गुंडाळलेला थर किंचित सरकला. मी धावत गच्चीवर गेलो आणि कॉक बंद केला. खाली आलो.

दारात वहिनींना गाठून मी हलकेच म्हणालो, "वाचलो. आता सांगू, की आणखी एक थर द्यायचा राहिला होता. झाकली मूठ सव्वा लाखाची. कुणाला कळणार आहे?"

त्या माझ्या अंगावरून पुढे गेल्या आणि बाईंसमोर उभ्या राहिल्या. "मला वास येत नाही," म्हणाल्या. "काल मी तुम्हाला खोटं सांगितलं. डिंक आतून ओला होता."

बाईंच्या हातातला चमचा थांबला. "हे मशीन इथे चालू आहे, हे ठाऊक होतं तुम्हाला?"

"हो."

"तरी अंदाजानं पाणी सोडलंत?"

"हो."

"का?"

"वास गेला हे कुणाला कळलं तर मला काम कोण देईल, ही भीती वाटली." वहिनी पुढे बोलतच राहिल्या. "मला दुसरं काही येत नाही, बाई. एवढं एकच येत होतं."

बाई खूप बोलल्या. सगळं खरं होतं, म्हणून इथे सांगत नाही. दुसरा माणूस बोलावते म्हणाल्या. पण दुसरा आला असता तर भिंत फुटली असती आणि उग्र डबा उघडला असता. तेव्हा मास्तर म्हणाले, "माझं नाक चांगलं आहे. माझं कुणी ऐकत नाही, तो भाग वेगळा. मी सांगतो की यांना, सुकलं का ते." बाईंनी आम्हा तिघांकडे पाहिलं आणि सोमवारपर्यंतची मुदत दिली.

जे टाळायचं होतं तेच शेवटी करावं लागलं. त्या जोडाखाली आता मशीन ठेवायला बाई तयार नव्हत्या. मी आणि आश्रमातल्या तिघांनी मिळून आजींना मशीनसकट शेजारच्या खोलीत हलवलं, आणि मशीन बंद होतं तेवढ्या वेळात त्यांचे ओठ निळे पडायला लागले होते. वहिनी भिंतीला टेकून ते बघत होत्या. मास्तर मात्र हलायला तयार होईनात. नाक इथे आहे म्हणाले, मी कुठे जाऊ?

जुना डिंक खरवडून काढला. नवे थर दिले, पातळ. समोर पंखा ठेवला. रोज सकाळ-संध्याकाळ खाचेतला कण सुरीच्या टोकावर घ्यायचा आणि मास्तरांच्या नाकाखाली धरायचा. "येतोय." "येतोय." "येतोय, पण कमी." आश्रमातले लोक बादल्यांनी पाणी वाहत होते आणि आमच्याकडे बघत नव्हते. वहिनी घरी नीट जेवत नव्हत्या. दादाला सगळं सांगितलं होतं. तो म्हणाला, माझ्या छातीसाठी तिनं एवढं केलं, आणि तिचं नाक गेलेलं मला सव्वा महिना कळलं नाही. एवढं बोलून उठून आत गेला.

सोमवारी सकाळी मास्तरांनी डोळे मिटून वास घेतला. "नाही."

"नक्की?" वहिनींनी विचारलं.

"नाही येत."

वहिनींनी दुसरा कण काढला. "एकदा परत घ्या."

"नाही."

तिसऱ्यांदा सुरी पुढे आली तेव्हा मास्तर वैतागले. "अहो, खोटं तुम्ही बोलला होतात. मी नाही."

वहिनींनी सुरी मागे घेतली. मग "हो" म्हणाल्या, सुरी पुसली आणि कोनाड्याखाली स्टूल ओढून त्यावर बसल्या. मला म्हणाल्या, "जा. सोडा."

मी गच्चीवर जाऊन कॉक उघडला. पाइपातून पाणी खाली उतरल्याचा आवाज आला. जिन्यात मी दोनदा अडखळलो. खाली वहिनी मान वर करून जोडाकडे बघत होत्या, एक तळहात त्याच्याखाली धरून. हात कोरडा होता. दहा मिनिटं झाली, अर्धा तास झाला. बाई आल्या, जोड पाहिला आणि गेल्या. मास्तरांना झोप लागली.

"चला, वहिनी," मी म्हटलं. "झालं."

त्यांनी हात खाली घेतला नाही.

"तुम्हाला कसं हो कळतं, भाऊजी?" त्यांनी विचारलं. "झालं म्हणून?"

 अकरा वर्षं मी ते त्यांनाच विचारत आलो होतो. मग मी दुसरं स्टूल आणलं आणि त्यांच्या शेजारी बसलो.