वेशीपाशी उतरायचं

फौजेतून सुटताना हातात पडलेल्या पैशांची मी सायकल घेतली, आणि अख्ख्या महारवाड्याने मला वेड्यात काढलं. शेळ्या घ्यायच्या सोडून हे काय, असं शेजारी म्हणाले. आई नुसतीच सायकलकडे बघत राहिली. नगरच्या छावणीतल्या कुणा गोऱ्याने मायदेशी जाताना ती विकून टाकली होती. रंग उडालेला, सीट फाटलेली, पण घंटी अशी खणखणीत की ओढ्यापलीकडची कुत्री भुंकायची.

बा मात्र एकच बोलला. तो गावचा येसकर होता. वेशीवर राखण करायची आणि चावडीवरून हाळी आली की धावायचं, यात त्याचा जन्म गेला. चावडीसमोरून जाताना तो पायताणं काढून हातात घ्यायचा, मग खाली जमीन कितीही तापलेली असो.

"गावातनं हिच्यावर बसून जायचं न्हाई," तो म्हणाला. "वेशीपाशी उतरायचं, चावडी मागं पडोस्तवर हातात धरून न्यायची. न्हाईतर वढ्यानं जायचं."

माझं डोकं सटकलं. मी तापट होतो, अजूनही आहे, आणि फौजेने माझा ताप उतरवला नव्हता, वाढवलाच होता. लढाईत आमची पलटण इटलीत रस्ते दुरुस्त करायची. त्या मुलखात बांधावरच्या अरुंद रस्त्यांवरून सायकलींवर सगळं गाव फिरायचं. काळा झगा घातलेला पाद्री जायचा, हँडलला कोंबड्या उलट्या टांगून म्हातारी जायची. तिथे माणूस फक्त चढापुढे उतरायचा. सायकल मी तिथेच शिकलो, आणि तेव्हाच ठरवलं होतं की जिवंत परतलो तर आपल्या जिल्ह्यात असंच फिरायचं. काम नाही, निरोप नाही, नुसतं फिरायचं.

बाला हे सगळं सांगितलं तर तो म्हणाला, तिथं तुझा बाप येसकर नव्हता. वेशीपाशी उतरेन असा शब्द दिला आणि निघताना सायकल खांद्यावर घेऊन ओढ्यातून गेलो. दगडगोट्यांत पाय मुरगळत होता, आणि प्रत्येक पावलाला मी पाटलाला, चावडीला आणि बालाही मनातल्या मनात शिव्या देत होतो.

रस्त्याला लागलो आणि सगळं विसरलो. पेट्रोल अजून परवान्यावर मिळायचं, त्यामुळे मोटार दिसलीच तर माणसं काम टाकून बघत उभी राहायची. थंडीचे दिवस होते. दोन्ही बाजूंना ज्वारी पुरुषभर उभी, मधून खडीचा रस्ता, आणि चेनची टिकटिक सोडली तर आवाज नाही. हँडल सोडून दोन्ही हात पसरून मी कितीतरी वेळ तसाच जायचो. इतकं सुख मला त्याआधी कशानेच झालं नव्हतं.

पण त्या शांत रस्त्यांनी माझं रक्तही बरंच काढलं. पहिल्याच दिवशी शेतातल्या माळ्यावरून पाखरं हाकणाऱ्याचा गोफणीचा दगड माझ्या खांद्यावर बसला. दगड पाखरांसाठी होता की माझ्यासाठी, ते त्यालाच ठाऊक. राहुरीच्या अलीकडे धनगराची कुत्री अंगावर आली. एकाने पोटरीचा लचका तोडला, तेव्हा मी खाली उतरून त्याच्या तोंडावर सायकलचा पंप असा हाणला की ते केकाटत मेंढरांत घुसलं. धनगर काठी घेऊन धावला तोवर मी पायडलवर उभा होतो.

संगमनेरच्या जवळ एका गाडीवानाशी जुंपली. मी घंटी वाजवली, त्याचे बैल बिचकले, गाडीचं चाक रस्त्याकडेच्या चारीत गेलं. त्याने खाली उतरून काही न बोलता माझ्या मानेवर आसूड ओढला. मी त्याला गचांडी धरून पाडला. तो माझ्या उरावर बसला आणि दोन्ही हातांनी माझा गळा आवळायला लागला. मी त्याच्या मनगटाला चावलो. फुफाट्यात लोळून दोघांची तोंडं पांढरी झाली, कोण कुणाला मारतो तेही कळेना. शेवटी दम संपला म्हणून थांबलो. मग दोघांनी मिळून गाडी चारीतून काढली. त्याने भाकर सोडली, ठेचा दिला, आणि खाता खाता विचारलं, कोण म्हणायचे तुम्ही?

मी सांगितलं. त्याचा घास हातातच राहिला. तो उठला, भाकर बैलापुढे टाकली आणि कपड्यांसकट प्रवरेत जाऊन बुडी मारून आला. गळा आवळताना त्याला विटाळ झाला नव्हता. मी काठावर बसून त्याच्या वाटची भाकरही बैलापुढून उचलून खाल्ली आणि तो बघत असताना हसलो. त्या मारामारीपेक्षा ते हसू त्याला जास्त लागलं असावं.

पण गंमतही झाली. माझ्या अंगात खाकी शर्ट आणि डोक्यावर फौजेतली हॅट होती. अकोले गावाहून राजूरकडे चढणारा रस्ता आहे, तिथे समोरून एक गृहस्थ आले. पांढरा फेटा, कोरी करकरीत सायकल, मागे सामान धरून धावणारा गडी. मला बघताच ते टुणकन खाली उतरले, सायकल बाजूला घेतली आणि वाकून म्हणाले, रामराम साहेब. मी उतरलो नाही. मान हलवली, घंटी वाजवली आणि पुढे गेलो. वळणापलीकडे पोचल्यावर मला इतकं हसू आलं की सायकल आडवी टाकून रस्त्यातच बसलो. हसता हसता कधी रडायला लागलो, कळलं नाही.

राजूरला बाजार होता. डोंगरातली माणसं हिरडा आणि तांदूळ घेऊन आली होती. कशाला आलास, असं एकाने विचारलं. नुसता फिरायला, म्हणालो. त्याने मान डोलवली आणि पुढचं काही विचारलं नाही. तिथून मी माघारी फिरलो.

येताना वाटेत कितीतरी गावं लागली, आणि एकाही वेशीपाशी मी उतरलो नाही. परक्या गावांत मी साहेब होतो. मग आमच्या गावाची वेस दिसली. दुपार टळलेली, चावडीच्या ओट्यावर माणसं बसलेली. बाला दिलेला शब्द मला आठवत होता, ब्रेकवर हातही होता. पण ज्या गावात जन्मलो तिथेच तेवढं उतरायचं, ही गोष्ट घशाखाली उतरेना. मी ब्रेक सोडला. आज इतक्या वर्षांनीही मला त्याचं वाईट वाटत नाही.

चावडीसमोर पाटलाच्या पुतण्याने चाकात काठी घातली. मी हँडलवरून पुढे फेकला गेलो, तोंडात माती आणि रक्त एकदमच आलं. उठलो तो पंप उपसूनच. पहिला फटका पुतण्याच्या नाकावर बसला, हाड मोडल्याचा आवाज मी ऐकला, आणि खोटं कशाला सांगू, बरं वाटलं. दुसरा फटका मारायला त्यांनी वेळ दिला नाही. पाच-सहा जण होते. लाथा पोटात, पाठीत, कानशिलावर. कोणीतरी बैलगाडीच्या जुवातली लाकडी दांडकी, शिवळ, उपसून आणली आणि माझा डावा पाय दगडावर ठेवून गुडघ्याखाली मारली. एकदा मारून मोडला नाही म्हणून पुन्हा मारली. हिला उतरायला शिकवा, असं कोणी म्हणालं, आणि मग सायकलवर सगळे तुटून पडले.

बा वेशीतून धावत आला तो त्यांच्या पायांवर पडला. लेकरू हाय, चुकलं, सोडा मालक, असं तो पुन्हा पुन्हा म्हणत होता. मला पायापेक्षा ते जास्त दुखलं. बाचा मला राग आला, आणि त्याची दयाही आली. त्याने मला पाठुंगळी घेतलं आणि ओढ्याने घरी नेलं. शब्द मोडल्याबद्दल त्याने विचारलं नाही.

सकाळी पाय मांडीएवढा सुजला होता, रंग काळानिळा. काष्टीपर्यंत गेलं की दौंडची गाडी मिळाली असती, दौंडला दवाखाना होता. पण गावात कोणी बैलगाडी देईना. पाय सडला तर पोरगा जाईल, असं आई बाला सांगत होती. तेव्हा बा उठून बाहेर गेला आणि ओढ्यात फेकलेली सायकल घेऊन आला. वाकडी रिम त्याने जमिनीवर ठेवली, वर उभा राहून पायाने दाबली, दगडाने ठोकली, आणि चाक मडगार्डला घासत का होईना पण फिरायला लागेपर्यंत सोडलं नाही. माझा पाय बांबूच्या कामट्यांत बांधला, मला सीटवर बसवलं आणि मोडलेला पाय धरायला आईला बाजूला घेतलं.

महारवाड्याबाहेर वाट फुटते. डावीकडे ओढा, सरळ गाव. ओढ्याच्या दगडांतून सायकल जाणार नव्हती, पण तरीही बा तिकडेच वळेल असं मला वाटलं. तो सरळ निघाला. मी म्हणालो, बा, उचलून ने, वढ्यानं ने. त्याने न ऐकल्यासारखं केलं. त्याचा एक हात हँडलवर आणि दुसरा माझ्या पाठीला होता. तेव्हा माझं लक्ष खाली गेलं. पायताणं त्याच्या पायात होती. हात रिकामा नव्हता म्हणून असेल, असं मी मनाशी म्हटलं.

चावडीवर कालचीच माणसं होती. म्हातारा पाटील होता, नाकाला फडकं बांधलेला पुतण्याही होता. तो ओट्यावरून खाली आला आणि वाटेत उभा राहिला. आईने माझा पाय आणखी घट्ट धरला. आज बालाही मारतील, ही एकच गोष्ट माझ्या डोक्यात होती.

"येसकर, उतरव त्याला खाली," पुतण्या म्हणाला.

बा थांबला. तो कधी कुणाच्या तोंडाकडे बघून बोलायचा नाही, पण त्या वेळी त्याने मान वर केली.

"उतरायला पाय लागतो, मालक," तो म्हणाला. "त्यो तुमीच मोडलाय."

ओट्यावर कोणाला तरी हसू फुटलं, ते त्याने खोकून दाबलं. म्हाताऱ्या पाटलाने पुतण्याला हाताने बाजूला हो म्हणून खुणावलं आणि स्वतः दुसरीकडे बघायला लागला. पुतण्या हलला, पण अर्धवटच, सायकल त्याला घासून जाईल इतका. बाने जोर लावला. चाक मडगार्डला करकरत फिरायला लागलं.

वेस अजून पुढे होती. बाने माझ्याकडे न बघता म्हटलं, "घंटी वाजव."

मी वाजवली, आणि वेस मागे पडेपर्यंत वाजवत राहिलो.