मिर्यामची चिठ्ठी

जानेवारीतल्या पहिल्या रविवारी दुपारी आमच्या चर्चच्या मंडळीतल्या बायका चिठ्ठ्या उचलायच्या. पाळकीणबाईंच्या, म्हणजे धर्मगुरूंच्या बायकोच्या, पडवीत सतरंजी, मधोमध स्टीलचा डबा, डब्यात बायबलातल्या माणसांची नावं. ज्याची चिठ्ठी येईल त्याच्यासोबत वर्ष काढायचं. त्याचा गुण घ्यायचा आणि त्याचा दोष आपल्यात कुठं दडलाय ते शोधायचं. डिसेंबरात साक्ष व्हायची. दोष जिचा तिनंच सांगायचा, आणि तिच्यातला गुण तिच्या घरातल्या दुसऱ्या बाईनं. कोणी ठरवून दिली ही रीत, देव जाणे. पण या रीतीमुळे नागपुरातल्या कितीतरी सासवा डिसेंबर लागला की सुनांशी गोड वागायच्या.

सत्तरच्या आसपासची गोष्ट. त्या वर्षी माझ्या हाती मिर्याम आली आणि माझं डोकं तिथंच फिरलं. मिर्याम म्हणजे मोशेची थोरली बहीण. तान्ह्या भावाला जीव वाचवण्यासाठी पेटीत घालून नदीत ठेवलं, तेव्हा लव्हाळ्यांपाशी दूर उभी राहून तिनं त्याच्यावर पहारा दिला. पण पुढं मोठेपणी त्याच भावाच्या परक्या बायकोवरून कुरकुर केली आणि अंगावर कोड उठवून घेतलं.

माझ्या धाकट्या भावानं दीडच वर्षापूर्वी पारशिवनीकडच्या एका शेतकरी हिंदू घरातली मुलगी कोर्टात लग्न करून आणली होती. आणि मिर्यामची चिठ्ठी नेमकी मला? मी शाळेत शिकवायचे. परीक्षेत कॉपी पकडण्यात माझा हात धरणारं कोणी नव्हतं. मी घरी जाऊन ती चिठ्ठी उजेडात धरून पाहिली. बाकीच्यांच्या चिठ्ठ्या दोन घड्यांच्या होत्या, माझी चार. पाळकीणबाईंनी डबाही माझ्यापुढं जरा तिरका धरला होता, असं मला आठवायला लागलं. माझी खात्रीच पटली की भावजयीनं जाऊन कागाळ्या केल्या असणार. खरं सांगायचं तर आजही त्या चार घड्यांबद्दल माझं मन पुरतं साफ नाही.

भावजयीचं सगळंच मला खटकायचं. भाऊ सकाळी खापरखेड्याच्या बसनं पॉवर हाऊसला गेला की घरात आम्ही दोघीच. आई कधीचीच गेलेली, भावाला मीच वाढवलेला. ही कोणी न सांगता आमच्या देवळात, म्हणजे चर्चमध्ये, यायला लागली, हे पहिलं संशयास्पद. दोन महिन्यांत गीतं पाठ, हे दुसरं. मिशनच्या दवाखान्यात चिकटायचंय की आमच्या मुलाला पुरतं मुठीत घ्यायचंय, एवढंच ठरायचं बाकी होतं. भाजीत मीठ नीट पडलं तरी मला वाटायचं, आज काय मागायचंय हिला?

तिला बाप्तिस्मा हवा होता. ईस्टरआधीच्या उपासकाळात पाळकसाहेबांनी मला बाजूला घेऊन विचारलं, "घरातल्या मोठ्या तुम्ही. तुमचं काय म्हणणं?" मी म्हणाले, "थोडं थांबावं साहेब. पाहू तरी टिकते का." ईस्टर आला नि गेला, तिचा बाप्तिस्मा झाला नाही. मी मनात म्हटलं, वेळेवर अडवलं. महिन्याच्या प्रभुभोजनाची भाकर घ्यायला बाप्तिस्मा झालेले आम्ही सगळे पुढं जायचो, ती एकटी मागच्या बाकावर मान खाली घालून बसायची. माझी पर्स तिच्याकडेच असायची. परत आले की मी आधी पर्सची चेन पाहायचे.

पावसाळ्यात एकदा ती दळण आणायला गेली असताना मी तिची पेटी उघडली. लाज वाटते सांगायला, पण उघडली. खाली कुठंतरी देवाचा फोटो सापडेल, अंगारा सापडेल, म्हणून हात घातला. सापडली एक दोनशे पानी वही. बायकांच्या बैठकीत ऐकलेलं तिनं त्यात उतरवलं होतं. पानाच्या मधोमध रेघ, एकीकडे गुण, एकीकडे दोष. पेत्र: बोलून मोकळा होते, वेळेवर भेते, पण मग रडते. मार्था: कामाची हाय, पण काम केल्याचं आयकवते. योना: बोलावलं का पळते. योनाची चिठ्ठी असलेल्या बाई देवळाच्या सफाईची पाळी आली की दरवेळी माहेरी जायच्या. तेव्हा मला हसू आलं.

मिर्यामच्या पानावर गुणाच्या बाजूला लिहिलं होतं, भावाले राखलं. दोषाची बाजू कोरी.

मी वही होती तशी ठेवली आणि दिवसभर विचार करत बसले. कोरी काहून ठेवली? माझ्या मनात उत्तर लगेच आलं: मी पेटी उघडणार हे हिला ठाऊक होतं, म्हणून. इतक्या थराला मी गेले होते.

डिसेंबर जवळ आला तशी माझी झोप उडाली. घरातली दुसरी बाई म्हणजे तीच. गुण सांगायच्या निमित्तानं ही भर बैठकीत माझी अब्रू काढणार, यात मला शंका नव्हती. माझी पाळी आली तेव्हा मी हात राखून दोष सांगितला. "मिर्यामसारखीच मी कधी कधी जरा जास्त बोलते." बायकांनी माना डोलावल्या. पाळकीणबाईंनी भावजयीकडं पाहिलं.

ती उठली, पदर सारखा केला. "मिर्यामबाई नदीच्या काठावर उभी राह्यली म्हणून भाऊ वाचला," ती म्हणाली. "ताई बी तशाच हायेत. यायले त्यायनीच वाढवलं. त्या अजून पाहून राहिल्या का पेटीजवळ कोण येते. मले त्याचा राग नाही येत." मग माझ्याकडं वळून म्हणाली, "फक्त मले एक वाटते. त्या नदीवर राजाची पोरगी बी आली होती. परक्या घरची, परक्या देवाची. पण पोराले पाण्यातून तिनंच काढलं. अन् मिर्यामबाईनं तिले हाकललं नाही, जवळ जाऊन तिच्यासंगं बोलली. मले मिर्यामबाईचा तो गुण सगळ्यात जास्त आवडते."

ती बसली. ही गोष्ट मी पोरांना शंभरदा शिकवली होती, पण मिर्याम त्या राजकन्येशी बोलायला गेली, याकडं माझं कधी लक्षच गेलं नव्हतं. मला इतकं लाजल्यासारखं झालं की समोरचा चहा मी तसाच ठेवला.

दुसऱ्या दिवशी शाळेतून परस्पर पाळकसाहेबांकडं गेले. म्हणाले, "माझी हरकत नाही. मी उगाच अडवून ठेवलं, मला माफ करा."

पाळकसाहेब जरा गोंधळले. "तुम्ही कुठं अडवलं? ते ईस्टरपुरतंच. चर्चच्या वडील मंडळींनी तर उन्हाळ्यातच होकार दिला होता. तुमची भावजयच थांबली. ताई हो म्हणेपर्यंत नको म्हणाली. तुम्हाला सांगू नका, असंही म्हणाली."

सदर भागातल्या त्यांच्या घरून आमच्या घरापर्यंत मी कशी चालत आले ते आठवत नाही. एवढं आठवतं की वाटभर मी यातही काही डाव असेल का, ते शोधत होते. सवय कुठं एका दिवसात जाते? पण काही केल्या डाव सापडेना.

ती ओसरीवर मेथी निवडत बसली होती. मी चपला न काढताच विचारलं, "काहून वं, मंडळीचा होकार असून थांबून राहिली? माझ्यासाठी?"

तिनं वर पाहिलं नाही. "या घरात आली तवा तुमाले विचारलं नव्हतं, ताई. यायनी म्हटलं अन् मी आली. हे तरी तुमाले विचारून करावं म्हटलं."

"मग इतके महिने विचारलं का नाहीस?"

"तुम्ही नाही म्हणाल म्हणून भेव वाटे."

मी तिच्यासमोर खाली बसले. "आता विचार," म्हणाले. तिनं हातातली जुडी बाजूला ठेवली, पदराला हात पुसले आणि लहान मुलीसारखं मांडी घालून, माझ्या तोंडाकडं पाहून विचारलं. मी हो म्हणाले, आणि तिनं बाजूला ठेवलेली जुडी मांडीवर घेऊन निवडायला लागले.