ओल्या वॉर्निशवर वर्तमानपत्र

भीक नको पण कुत्रं आवर, अशी दादाच्या मदतीनं ताईची गत झाली होती. आणि सख्खा थोरला भाऊ, म्हणून तोंडावर बोलायचीही सोय नाही!

ताई चष्म्याच्या दुकानात कामाला. लग्न केलं नाही, सगळी वर्षं दादाच्या घरी काढली. पन्नाशी उलटल्यावर बाईनं एक खोली भाड्यानं घेतली आणि जुन्या बाजारातून लाकडी टेबल आणलं. झालं, दादाचं बिनसलं. "भरलं घर सोडून जातेस? लोक काय म्हणतील?" चार दिवसांत ही मुकाट परत येणार, अशी त्याची खात्री. ताईनंही मनाशी ठरवलं होतं, हे टेबल नीट उभं केलं की परत जायचं नाव नाही.

टेबलाला कुणा शहाण्यानं हिरवा ऑइलपेंट फासलेला, त्याखाली पिवळा, त्याखाली आणखी कसला तरी मातकट. दुकानातून आली की ताई पदर खोचून पत्र्याच्या तुकड्यानं रंग खरवडत बसायची. दादा रोज हजर. एकुलत्या एक खुर्चीत बसून उंटावरून शेळ्या हाकायचा. "अगं, जोर लाव." "अगं, सुताराला बोलाव. हे काय बायकांचं काम आहे?" हात मात्र फक्त चहाच्या कपाला लागायचा.

शेवटी एकदाचं लाकूड दिसलं. अस्सल सागवान! ताईनं ते पॉलिश पेपरनं घासून घासून गुळगुळीत केलं आणि सुट्टीच्या सकाळी वॉर्निशचा हात दिला. "मी भाजी घेऊन येते," ती दादाला म्हणाली. "तू नुसता बस. कशाला हात लावू नकोस."

आता या घराण्याची एक खोड. चांगली वस्तू दिसली की झाकायची. सोफ्यावर चादर, रिमोटला प्लास्टिक, फ्रिजच्या डोक्यावर रुमाल. वस्तू वापरण्यापेक्षा झाकण्यातच यांचा जन्म जातो.

ताई परत येऊन बघते तर अख्ख्या टेबलावर वर्तमानपत्र, वरून हातानं चापूनचोपून बसवलेलं.

"धूळ बसत होती गं," दादा कौतुकानं म्हणाला.

ताईनं कोपरा धरून ओढला. टर्रकन अर्धं पान हातात आलं, उरलेलं सोन्याच्या भावासकट टेबलालाच चिकटून राहिलं. तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"अरे, डोकं कुठं गहाण ठेवलंयस? ओल्या वॉर्निशवर कागद?"

"ओरडतेस काय? तुला झेपणारच नव्हतं हे. चल घरी. टेबलही घे, तिकडे ठेवू."

"कुठे ठेवशील?"

"कुठे म्हणजे? हॉलमध्ये..." तिथे सोफा. "नाहीतर मुलांच्या खोलीत..." तिथे त्यांचीच दोन टेबलं. "स्वयंपाकघरात? नको, फ्रिजचं दार उघडणार नाही."

"सांग ना, दादा. कुठे?"

घरातली एकेक भिंत दादा मनातल्या मनात चाचपून आला. ताईचं हॉलमधलं अंथरूणसुद्धा रोज सकाळी गुंडाळून ठेवावं लागायचं, आणि इतक्या वर्षांत ते कधी त्याच्या डोक्यातही आलं नव्हतं.

तो उठला, बाह्या सरसावल्या आणि पत्रा घेऊन चिकटलेला कागद खरवडायला लागला.

"लाकडाच्या शिरांच्या दिशेनं घास!" ताई खेकसली.

दादानं मान न उचलता पत्रा फिरवून धरला.