अण्णांचा श्वास आणि नवं मोडेम

ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस मी येळ्ळूरहून बसने उद्यमबाग औद्योगिक वसाहतीतल्या एका फौंड्रीत, म्हणजे लोखंड ओतायच्या कारखान्यात, कामाला जायची. दिवसभरात किती माल ओतला, त्याचे आकडे कॉम्प्युटरवरून टेलिफोनच्या तारेनं पुण्याच्या हेड ऑफिसला धाडायचे, हे माझं काम. तारेला आकडे कळत नाहीत, आवाज कळतो. म्हणून आमचं जुनं मोडेम आकड्यांचे दोन सूर करायचं, एक जाड, एक बारीक. पुण्याचं मोडेम त्यांचे पुन्हा आकडे करायचं. संथ, पण सालस प्राणी.

मग वेगवान मोडेम आलं. ते सुराची लाट मधेच मोडून पुढेमागे सरकवायचं आणि एकेका झटक्यात दुप्पट माहिती लादायचं. तंबाखूची गाडी निपाणीपर्यंत खड्डे सोसत जाते, पण दुप्पट लादली की साध्या दगडाला कलंडते. आमचंही तेच झालं. रोज दुपारी लाइन तुटायची. पुण्याचे साहेब म्हणाले, महिनाअखेरपर्यंत जमलं नाही तर मशीनवर दुसरं माणूस बसवू. मी अजून कायम झाले नव्हते. मला रडू आलं नाही, संताप आला.

दगड कुठला ते मला ठाऊक होतं. आमचे मॅनेजर, ज्यांना सगळे अण्णा म्हणत, त्यांच्या केबिनमध्ये त्याच लाइनचा दुसरा फोन होता. जेवण झालं की तो हळूच उचलून कोण काय बोलतंय ते ऐकायचं, हा त्यांचा विडा. जुनं मोडेम त्यांचा श्वास पचवायचं, नव्याला ठसका लागायचा. अण्णा कामासाठी जवळच्या मच्छे गावी गेले त्या दुपारी सगळे आकडे एका दमात पुण्याला पोचले.

पण मॅनेजरला तोंडावर सांगायची कुणाची टाप होती? मी चहाच्या वेळी सगळ्यांदेखत सहज म्हटलं, "अण्णा, ह्या नव्या मशीनचं एक लई वाईट हाय. मधी कुणी फोन उचलला की कुठल्या खोलीतनं उचलला ते पुण्याला पडद्यावर दिसतंय."

अण्णांचा कप बशीत जरा जोरात बसला. "व्हय?"

"व्हय की."

शुद्ध थाप. दुसऱ्या दिवसापासून लाइन तुटली नाही. महिनाअखेरीस मी कायम झाले, आणि आमच्या टायपिस्टबाईंनी त्याच फोनवर बिनधास्त स्वतःचं लग्न ठरवलं.

अण्णा निवृत्त झाले त्या दिवशी गळ्यात हार घालून माझ्या टेबलापाशी आले. मोडेमच्या लाल दिव्याला त्यांनी हात जोडले.

"पुण्याला कळीव गं पोरी," ते हळूच म्हणाले, "शेवटपर्यंत उचलला न्हाय म्हणून."

"त्यांना दिसलंय, अण्णा," मी म्हटलं.