त्यानं विचारलं होतं

आमच्या घरात पाळीला पाळी कुणी म्हणत नाही, 'अडचण' म्हणतात. 'तिला अडचण हाय' म्हटलं की ती आज देवघराकडं फिरकणार नाही एवढं सगळ्यांना कळतं, पुढं कुणी विचारत नाही. मी बेळगावात शाळेत मराठी शिकवते. एका शब्दाचे दोन अर्थ पोरांकडून दरवर्षी घोकून घेते. आणि याच एका शब्दावर मी माझ्या धाकट्या जावेचा जीव घालवणार होते. ती वाचली ते तिच्या नशिबानं, माझ्या शहाणपणानं नव्हे.

दीर आणि जाऊ निपाणीला असतात. त्यांनी तिथं घर बांधलं, वास्तुशांतीचा दिवस ठरला, आणि जावेची तारीख नेमकी त्याच दिवसांत आली. पूजेला नवऱ्याशेजारी तीच बसणार. सासूबाई म्हणाल्या, "तेवढं बघा गं दोघी." बघा म्हणजे पाळी पुढं ढकलायच्या गोळ्या घ्या. आमच्याकडं त्या नारळ-सुपारीच्या यादीतच असतात म्हटलं तरी चालेल. मी स्वतः चार-पाच वेळा घेतलेल्या. मला काही झालं नाही, म्हणजे कुणालाच काही होत नाही, असं माझं शास्त्र.

आठ दिवस आधी मी बेळगावातल्या आमच्या अनगोळहून निपाणीला मदतीला गेले. जाऊ चाचरत म्हणाली, "आक्का, एकदा डॉक्टरीणबाईंना इचारूया काय? माझा पाय..."

लेकीच्या वेळी, बाळंतपणात, तिच्या डाव्या पायात रक्ताची गाठ झाली होती. तो सुजलेला पाय मी डोळ्यांनी बघितला होता. दवाखान्यात तिच्या उशाशी मीच बसलेली. तरी मी म्हणाले, "अगं, त्याला बारा वर्षं झाली. कुठं पाय आणि कुठं पाळी. डॉक्टरीणबाई उगंच चार तपासण्या लावतील." तिनं मान हलवली. माझ्यापुढं ती कायम मान हलवते, आणि मला त्याचा अभिमान होता. थोरलेपणाची हौस वाईट.

औषधाच्या दुकानाशी ती लाजून रिक्षातच बसून राहिली. आत मी एकटी गेले. दुकानदार कन्नड मुलखातला, निपाणीत येऊन मराठी शिकलेला. चिठ्ठी नाही म्हटल्यावर तो जरा थांबला. कुणासाठी, म्हणाला. मी रिक्षाकडं बोट केलं. त्यांच्या कन्नडात 'तोंदरे' म्हणजे कसलाही त्रास, कसलंही दुखणं. त्याचंच मराठी करून त्यानं विचारलं, "आक्का, त्यांना पहिली काय अडचण हाय काय?"

मी म्हणाले, "अहो, अडचण याय लागलीया म्हणूनच तर गोळ्या पायजेत. न्हायतर तुमच्या दारात कशाला आलो असतो?"

शेजारी दोन बायका उभ्या होत्या, त्या पदर तोंडाला लावून हसल्या. दुकानदार गोरामोरा झाला. पुन्हा काही न विचारता त्यानं गोळ्या कागदात गुंडाळून दिल्या. रिक्षात मी जावेला हा किस्सा सांगितला नाही, तिला आणखी लाज वाटली असती.

वास्तुशांत दोन दिवसांवर आली आणि गुरुजींच्या घरात सुतक पडलं. मुहूर्त दहा दिवस पुढं गेला. जाऊ म्हणाली, "आता गोळ्या बंद करू?" मी म्हटलं, "बंद केल्यास की दोन-तीन दिवसांत येती, मग पूजेला परत घोळ. चालू ठेव." आणि आणखी गोळ्या मीच आणून दिल्या. चार दिवसांनी तिची पिंढरी दुखायला लागली. डावीच. मी म्हटलं, नव्या फरशीवर दिवसभर उभी असतीस, दुखणारच. खोबरेल कोमट केलं आणि तिचा पाय मांडीवर घेऊन माझ्या हातानं रगडून चोळला. "बरं वाटतंय आक्का," ती म्हणाली. तिला बरं वाटत नव्हतं, हे मला आता कळतं.

पूजेच्या दिवशी होम झाला आणि तिला पाटावरून उठता येईना. पाय दुप्पट झालेला. दिरांनी धरून उठवलं तर चार पावलांत धाप लागली, ओठ काळेनिळे. तसंच गाडीत घालून बेळगावला आणलं. पायातल्या गाठीचा तुकडा फुप्फुसात गेला होता.

तिथल्या डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "काही गोळ्या चालू होत्या?" आम्ही सगळे खाटेभोवती उभे. मी तिच्या पायावरची चादर सारखी करू लागले. जाऊच तोंडावरचा मास्क बाजूला करून म्हणाली, "घेतलत्या मी. पूजेसाठी."

डॉक्टरीणबाई ओरडल्या नाहीत, ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. म्हणाल्या, "त्या गोळ्या वाईट नाहीत, पण हार्मोन आहे तो. एकदा गाठ झालेल्या बाईनं त्या घ्यायच्या नसतात. बाकीच्यांनीसुद्धा डॉक्टरांना विचारून, सांगितलेले दिवसच. आणि पिंढरी दुखली, दम लागला की गोळी बंद करून त्याच दिवशी दवाखाना. चोळायचं तर मुळीच नाही. कुणी चोळलं नाही ना?" मी हात पदराखाली घेतले.

जाऊ वाचली. दीर मात्र रागानं त्या दुकानात गेले आणि रस्त्यावर माणसं जमतील असं त्याला बोलून आले. तो एकच म्हणत होता, मी विचारलं होतं. घरी येऊन दिरांनी मला विचारलं, "वैनी, त्यानं इचारलं होतं काय?"

मी म्हणाले, "मला तर न्हाय बा आठवत."

चोर सोडून संन्याशाला फाशी, ती अशी दिली मी. त्या दिवसापासून आमच्या घरातलं कुणी त्याच्या पायरीला गेलं नाही, आणि दिरांच्या सांगण्यावरून अर्धी गल्लीही गेली नाही.

वर्षानं मी निपाणीला गेले होते. जाऊ डाव्या पायात दवाखान्यातनं दिलेला, पुन्हा गाठ होऊ नये म्हणून घालायचा घट्ट मोजा चढवत होती. बोटांनी जोर लावून ओढताना बघितलं आणि मला राहवलं नाही. सगळं सांगितलं, त्याचा प्रश्न, माझी चेष्टा, दिरांना दिलेलं उत्तर. तिनं मोजा गुडघ्यापर्यंत सारखा केला. मग म्हणाली, "ह्यांनी त्याला चारचौघांत नको ते बोललंय, आक्का. ते परत घ्यायला कोण जाणार?" या वेळी तिनं मान हलवली नाही.

मीच गेले. मी तोंड उघडायच्या आत तो म्हणाला, "आक्का, जाऊबाई बऱ्या हायत न्हवं?" मग काउंटर पुसत म्हणाला, "माझंच मराठी कच्चं. त्यो शब्द तुमच्यात दुसराच हाय, हे मागनं कळलं मला. आता चिठ्ठीबिगर देतच न्हाय. आणि नाव घेऊन इचारतो, रक्ताची गाठ झालती काय, अर्धं डोकं दुखतंय काय, कावीळ झालती काय, दिवस गेल्यात काय. त्या दिवशी असं इचारलं असतं तर बाईवर ती पाळी आली नसती."

वर्षभर या माणसानं माझं पाप आपल्या मराठीवर घेतलं होतं.

मी म्हणाले, "तुमचं मराठी कच्चं न्हाय. तुम्ही काय इचारलं ते मला त्याच वेळी कळलं होतं. खरं सांगितलं असतं तर तुम्ही गोळ्या दिल्या नसत्या, म्हणून मी चेष्टा केली."